वर्क, वर्क्ट्: इंग्रजी भूतकाळाचा उच्चार पायरीपायरीनं

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगा आला. आयटीआय करून वेल्डर झालेला, दोन वर्षांचा अनुभव, आणि पंधरा दिवसांवर पुण्याजवळच्या एका कारखान्यात मुलाखत. मी म्हटलं, "स्वतःबद्दल चार वाक्यं बोल बघू." तो उभा राहिला आणि म्हणाला, "आय वर्केड इन अ वर्कशॉप. आय लर्नेड वेल्डिंग. आय हेल्पेड माय फादर."

व्याकरण बिनचूक होतं. काळ बरोबर, शब्द बरोबर, धीटपणाही होता. तरी आधीच्या एका मुलाखतीत समोरच्यांनी दोनदा "सॉरी?" म्हणून परत विचारलं होतं आणि तेव्हापासून "मॅडम, माझं इंग्लिशच कच्चं आहे" हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. मला त्याच्या बोलण्यात कच्चं असं एकच सापडलं: तीन क्रियापदांत तीन ‘ए’ जास्तीचे पडत होते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वाचता-लिहिता येणाऱ्या आणि बोलताना नेमकं कुठं अडतंय हे न कळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. सुरुवात मी मुद्दाम भूतकाळाच्या ई-डीपासून, म्हणजे क्रियापदाच्या शेवटी लिहितात त्या ed या अक्षरांपासून करते. मुलाखतीत, दवाखान्यात, बँकेत आपण जे सांगतो ते बहुतेक घडून गेलेलं असतं, त्यामुळे हा उच्चार दर दुसऱ्या वाक्यात लागतो. शिवाय नियम लहान आहे आणि त्याची निम्मी तयारी आपली शाळेतच झालेली आहे, ती कशी ते पुढे सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. लंडनच्या माणसासारखं बोलायचं, असं ध्येय ठेवू नका. आपल्या बोलण्याला मराठी हेल असेल तर असू द्या. समोरच्याला पहिल्या खेपेला कळलं पाहिजे, इतकंच आपल्याला हवं आहे.

पहिली पायरी: टाळ्या मोजा

‘वर्क’ म्हणा आणि एक टाळी वाजवा. आता ‘वर्केड’ म्हणा. दोन टाळ्या पडल्या. इंग्रजी कानाला इथंच खटकतं, कारण त्या माणसाच्या डोक्यात ‘वर्क’चा भूतकाळही एकाच टाळीचा आहे. दुसरी टाळी पडली की हा कुठला तरी वेगळा शब्द आहे, असं त्याला वाटतं आणि तो थबकतो.

आपल्याला अक्षरं मोजायची सवय नाही असं नाही. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं आपण शाळेत बोटांवर मोजलेली आहेत. तेच इथं करायचं. पुढचे शब्द मोठ्यानं म्हणा आणि प्रत्येकाला एकच टाळी द्या: वॉक्ट्, हेल्प्ट्, लर्न्ड्, प्लेड्, वॉश्ट्, क्लीन्ड्. शेवटच्या अक्षराचा पाय मी मुद्दाम मोडून लिहिला आहे. मराठीत जोडाक्षरानं संपणारा शब्द म्हणताना आपण शेवटी बारीकसा ‘अ’ सोडतो. ‘गोष्ट’, ‘भक्त’, ‘कष्ट’ सावकाश म्हणून बघा, शेवटी तोंड किंचित उघडं राहतं. इंग्रजीत ते शेपूट छाटायचं. ‘वॉश्ट्’ म्हणजे ‘गोष्ट’मधला शेवट, पण त्यातला अ न सोडता. जीभ टेकली, हवा सुटली, संपलं.

दुसरी पायरी: गळ्यावर हात

आता शाळेतला व्याकरणाचा तास आठवा. व्यंजनांचे कठोर आणि मृदू असे दोन गट होते. प्रत्येक वर्गातली पहिली दोन, म्हणजे क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ, आणि त्यांच्या जोडीला श, ष, स ही कठोर. बाकीची मृदू. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं, असंच बहुतेकांचं झालं. हा फरक प्रत्यक्षात काय आहे ते हातानं तपासता येतं. कंठावर तळहात ठेवा आणि लांब ‘स्स्स्स्’ करा. हाताला काही लागत नाही. आता ‘बाजार’मधला ज लांबवा, ‘झ्झ्झ्झ्’ असा. गळा मधमाशीसारखा थरथरतो. थरथर नाही ते कठोर, थरथर आहे ते मृदू.

इंग्रजीचा सगळा ई-डी या एका थरथरीवर चालतो. क्रियापदाचा शेवटचा ध्वनी कठोर असेल तर ई-डीचा उच्चार ‘ट्’. मृदू असेल, किंवा स्वर असेल, तर ‘ड्’. आणि शेवट ट किंवा ड यांपैकीच असेल, तर मात्र ‘इड’, आणि तेव्हाच टाळी वाढते.

कठोर: वर्क्ट्, स्टॉप्ट्, लाफ्ट्, मिस्ट्, वॉश्ट्, वॉच्ट्.
मृदू किंवा स्वर: लर्न्ड्, कॉल्ड्, लिव्ह्ड्, ओपन्ड्, क्लोझ्ड्, प्लेड्, अराइव्ह्ड्.
ट किंवा ड: वॉन्टिड, वेटिड, स्टार्टिड, नीडिड, डिसाइडिड.

असं का होतं याचं उत्तरही आपल्याच व्याकरणात आहे. ‘आपद्’ आणि ‘काल’ जोडले की ‘आपत्काल’ होतं. क कठोर, म्हणून शेजारचा मृदू द कठोर होऊन त झाला. याला आपण प्रथम व्यंजन संधी म्हणून शिकलो. उलट ‘सत्’ आणि ‘आचार’ यांचा ‘सदाचार’ होतो, तिथे त मऊ झाला. दोन व्यंजनं शेजारी आली की जीभ आणि गळा त्यांना एका जातीचं करून घेतात, कारण मधेच थरथर सुरू-बंद करणं कष्टाचं असतं. ‘वर्क’चा क कठोर, म्हणून मागून आलेला ड कठोर होतो, म्हणजे ट होतो. फरक एवढाच की संस्कृत संधीत पुढचा ध्वनी मागच्याला बदलतो आणि इथे मागचा पुढच्याला. मी वर्गात फळ्यावर एकाखाली एक ‘आपत्काल’ आणि ‘वर्क्ट्’ लिहिते, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. परका वाटणारा नियम ओळखीचा निघतो.

आणि ‘वॉन्टिड’मध्ये स्वर का येतो? ‘वॉन्ट्’च्या टला लागून आणखी एक ट् किंवा ड् म्हणूनच बघा. दोन्ही एकाच जागेचे, ऐकू येणार नाहीत. म्हणून मधे एक छोटा ‘इ’ शिरतो. तो ठसठशीत ‘एड’ नाही. ‘नीडेड’, ‘वॉन्टेड’ असं ‘ए’वर जोर देऊन म्हणण्याची आपल्याला सवय असते. जोर ‘नी’वर आणि ‘वॉन्’वर ठेवा, शेवट पटकन उरका.

तिसरी पायरी: अक्षर विसरा, ध्वनी ऐका

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, त्यामुळे कागदावर जे दिसतं त्यावर भरवसा ठेवून चालत नाही. नियम लावायचा तो शेवटच्या ध्वनीला.

‘लाफ’च्या शेवटी जी आणि एच दिसतात, ऐकू येतो फ. फ कठोर, म्हणून लाफ्ट्. ‘कफ’ म्हणजे खोकणे, इंग्रजीत ‘कॉफ’, त्याचंही तसंच, कॉफ्ट्, ‘सॉफ्ट’शी यमक जुळतं. ‘लाइक’, ‘होप’, ‘डान्स’ यांच्या शेवटी ई लिहितात पण ते मुकं आहे, म्हणून लाइक्ट्, होप्ट्, डान्स्ट्. ‘फिक्स’च्या शेवटी एक्स, म्हणजे क्स, म्हणून फिक्स्ट्. उलट ‘क्लोझ’ आणि ‘रेझ’ यांत लिहितात एस, पण गळा थरथरतो, म्हणून क्लोझ्ड्, रेझ्ड्. नवं क्रियापद भेटलं की आधी ते एकटं म्हणा, शेवटच्या ध्वनीवर थांबा, गळा तपासा, मगच ई-डी लावा. पहिले काही दिवस हे फार हळू होईल. होऊ द्या.

चौथी पायरी: येत असलेल्या शब्दांची मदत घ्या

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, कारण इथे नवीन काही शिकावं लागत नाही.

‘गेस्ट हाउस’ आपण सगळे बरोबर म्हणतो. ‘गेस’ म्हणजे अंदाज करणे, त्याचा भूतकाळ उच्चाराला हुबेहूब ‘गेस्ट’. ‘पास’चा भूतकाळ आणि ‘पास्ट टेन्स’मधला ‘पास्ट’ यांचा उच्चार एकच. ‘बोअर’ झालेला माणूस आणि भिंतीवरचा ‘बोर्ड’ सारखेच ऐकू येतात. बंदी घातली या अर्थाचा ‘बॅन्ड्’ आणि लग्नातला बँड, तेही तसेच. ‘पॅक’चा भूतकाळ ‘फॅक्ट’शी यमकात बसतो आणि ‘स्टॉप’चा ‘ऑप्ट’शी. म्हणजे हे ध्वनी आपल्या तोंडात कधीचे आहेत. फक्त लिहिलेला ई दिसला की डोळा कानाला हरवतो.

अजून जवळचं उदाहरण बघा. ‘रिटायर्ड’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. गावातल्या पारावर बसलेले काकासुद्धा "मी रिटायर्ड" म्हणतात, ‘रिटायरेड’ कुणीच म्हणत नाही. ‘रजिस्टर्ड पोस्ट’ही तसंच. पण ‘लिमिटेड’ कंपनी, ‘अटेस्टेड’ झेरॉक्स, ‘युनायटेड’ यांच्यात आपण जास्तीचं अक्षर घेतो, आणि ते बरोबर आहे, कारण लिमिट, अटेस्ट, युनाइट हे तिन्ही ट-नं संपतात. कुणी नियम न सांगता मराठी कानानं ही वाटणी केलेली आहे. ‘फिक्स डिपॉझिट’ म्हणताना आपण मधला ट् गाळतो त्याचीही लाज वाटायला नको. पुढे ड आला की इंग्रज माणूसही तो असाच गिळतो.

म्हणून पहिला आठवडा ‘रिटायर्ड’ आणि ‘लिमिटेड’ हे दोन शब्द खुणेसारखे वापरा. नवं क्रियापद आलं की स्वतःला विचारा, हे ‘रिटायर्ड’च्या घरचं की ‘लिमिटेड’च्या?

कोणती चूक आधी काढायची

ई-डीच्या चुका तीन प्रकारच्या होतात आणि त्यांचं वजन सारखं नाही. ‘वर्क्ट्’ऐवजी ‘वर्क्ड्’ म्हटलं, म्हणजे ट्च्या जागी ड् आला, तर कुणाचं काही अडत नाही. भारतात असं बोलणारे पुष्कळ आहेत. भरभर बोलायला लागलात की तो ड् आपोआप ट् होईल, संधीचा नियम तो करूनच घेतो. ‘वर्केड’ म्हणजे जास्तीचं अक्षर, ही मोठी चूक. आणि तिसरी, ई-डी पूर्ण गाळून "यस्टरडे आय वर्क" म्हणणं, ही त्याहून घातक, कारण तिथे काळच बदलतो. नर्सनं डॉक्टरला सांगताना "आय चेक द बीपी" म्हटलं, तर तपासलं की तपासते, हे कळणार कसं?

त्यामुळे वर्गात मी ट् की ड् यावर महिनाभर टोकतच नाही. आधी टाळ्या बरोबर आल्या पाहिजेत.

"मग ई लिहितात कशाला?"

हा प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर असं की एके काळी तो ई म्हणत असत. मध्ययुगीन इंग्रजीत ई-डीचा स्वर ऐकू यायचा. पुढे बोलण्यात तो झिजत गेला, लिहिण्यात तसाच राहिला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही उच्चार चालत, वृत्तात बसेल तसे. म्हणूनच त्याच्या नाटकांच्या काही आवृत्त्यांत स्वर म्हणायचा असेल तिथे ई-च्या डोक्यावर खूण छापतात. 1712 साली जोनाथन स्विफ्ट या लेखकानं इंग्रजी सुधारण्यासाठी एक प्रस्ताव मांडला. त्यात त्यानं हा स्वर गाळण्याबद्दल जाहीर तक्रार केली होती, असे शब्द कानाला कर्कश लागतात म्हणून. भाषेनं त्याचं ऐकलं नाही.

काही विशेषणांत तो जुना स्वर अजून टिकून आहे आणि ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात. नेकिड, विकिड, क्रुकिड, रगिड, सेक्रिड. वयस्कर आईवडील म्हणजे ‘एजिड पेरेंट्स’, पण पन्नास वर्षं वयाचा असं सांगायचं तर ‘एज्ड् फिफ्टी’. शिकलो या अर्थी ‘लर्न्ड्’, पण विद्वान या अर्थी ‘लर्निड’. कोर्टात वकील समोरच्या वकिलाचा उल्लेख "माय लर्निड फ्रेंड" असा करतात तो हाच. बातम्यांतला ‘अलेज्ड्’ एका घासात जातो, पण त्याचं क्रियाविशेषण ‘अलेजिडली’. यादी लांब नाही, भेटेल तशी टिपत जा.

आणखी एक जोडी मात्र रोज लागते. वापरलं या अर्थी ‘यूझ्ड्’, पण पूर्वीची सवय सांगताना ‘यूस्ट् टु’. "आय यूस्ट् टु लिव्ह इन सातारा." इथे झ नाही, स आहे, आणि ट् पुढच्या टु-मध्ये विरघळून जातो.

पाचवी पायरी: पुढच्या शब्दाला जोडा

‘वर्क्ट्’, ‘हेल्प्ट्’ एकटे म्हणताना जीभ अडखळते, कारण दोन-तीन व्यंजनं एकापाठोपाठ येतात. यावर उपाय सोपा आहे: पुढचा शब्द स्वरानं सुरू होणारा घ्या आणि शेवटचा ध्वनी त्याच्या गळ्यात घाला.

वर्क्ट् इन: वर्क्-टिन.
हेल्प्ट् अस: हेल्प्-टस.
लुक्ट् ॲट: लुक्-टॅट.
क्लीन्ड् इट: क्लीन्-डिट.
ओपन्ड् अप: ओपन्-डप.

आता जोडाक्षर फुटून दोन घास झाले. त्या वेल्डर मुलाला मी पहिल्या दिवशी एवढंच दिलं: "आय वर्क्-टिन अ वर्कशॉप." दहा वेळा म्हणायला लावलं. पाचव्या-सहाव्या खेपेला तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर ‘टिन’ म्हणायचंय." हो, पत्र्याचा टिन, तोच. त्यानंतर त्याचा ‘वर्केड’ परत आला तो फक्त घाबरल्यावर.

पुढचा शब्द व्यंजनानं सुरू होत असेल तर ट् अर्धवट राहतो, "लुक्ट् बॅक"मध्ये जीभ फक्त टेकते, सुटत नाही. ‘आस्क्ट्’ हा शब्द तर जन्मजात इंग्रजी बोलणारेही घाईत ‘आस्ट्’ असाच उरकतात. तुम्ही तसं केलंत तर ती चूक धरू नका.

जीभ कुठे टेकवायची

आता ट आणि ड यांबद्दलच थोडं. ‘तवा’मधला त म्हणा, जीभ वरच्या दातांना लागते. ‘टोपी’मधला ट म्हणा, जीभ मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी ट या दोहोंच्या मधला आहे. वरच्या दातांच्या मागे हिरडीचा एक उंचवटा जिभेला लागतो, तिथे जिभेचं टोक न वळवता टेकवायचं. आरशासमोर बसून त, इंग्रजी ट, मराठी ट असे तीन एकापाठोपाठ म्हणा. ई-डीचा ट् या मधल्या जागेवर म्हटला की क आणि प यांच्या मागून तो फार सहज येतो, कारण जिभेला वळायचे श्रम नाहीत. मराठी ट वापरून तोच जोड जड का वाटतो, हे तेव्हा कळतं.

शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क यांच्यासोबत इंग्रजीत हवेचा झोत येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा आणि ‘पेन’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. ‘स्पून’ म्हणताना मात्र हलता कामा नये, स-च्या मागे झोत नसतो.

व आणि व्ह

मराठीत व एकच आणि इंग्रजीत दोन. आपण एकासाठी व्ह लिहायला लागलो खरं, पण लिहिण्यातच घोटाळा आहे. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हॅन’ यांत आपण व्ह लिहितो आणि ‘व्हॉट’, ‘व्हील’, ‘व्हाइट’ यांतही व्हच लिहितो. पहिल्या दोघांत वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि हवा घासून जाते. दुसऱ्या तिघांत दातांचा काही संबंध नाही, ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करायचे आणि उघडायचे: ऊ-ऑट, ऊ-ईल, ऊ-आइट. पश्चिम दिशा म्हणजे ‘ऊ-एस्ट’. बनियन या अर्थाचा ‘व्हेस्ट’ दातांचा. ई-डीच्या यादीत ‘लिव्ह्ड्’, ‘अराइव्ह्ड्’, ‘सेव्ह्ड्’ हे दातांचे आहेत. तिथे दात लागले नाहीत तर शेवटचा ध्वनीच गळून पडतो आणि मग ड्-ला धरायला काही उरत नाही.

‘थिन’ आणि ‘दिस’ यांतल्या इंग्रजी ध्वनींवर मी नवख्यांना फार वेळ घालवू देत नाही. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा न अडवता सोडायची, इतकं माहीत असू द्या. आपला थ आणि द सगळीकडे समजतो.

उलट ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं मराठीत आहेत याचा पुरेपूर फायदा घ्या. कॅट, कट, कॉट हे तीन शब्द आपण वेगळे लिहू शकतो. ज्यांच्या लिपीत ही सोय नाही त्यांना हा फरक फार उशिरा कानावर येतो. नव्या शब्दाचा उच्चार वहीत लिहिताना ही चिन्हं नीट वापरा.

जोर कुठे पडतो

इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर असतो आणि बाकीची अक्षरं दबतात. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखा मान देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फटॉग्रफर’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो आणि ‘फो’चा ‘फ’ होतो. ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. ‘डेव्हलप’ असं आपण म्हणतो, खरा शब्द ‘डिव्हेलप’ आहे, जोर ‘व्हे’वर, आणि भूतकाळ ‘डिव्हेलप्ट्’, तीनच टाळ्या. ‘डिटरमाइन’ नाही, ‘डिटर्मिन’, भूतकाळ ‘डिटर्मिन्ड्’. नोंद या अर्थी ‘रेकॉर्ड’चा जोर ‘रे’वर, नोंदवणे या अर्थी ‘रिकॉर्ड’चा ‘कॉ’वर, आणि तो ड-नं संपतो म्हणून ‘रिकॉर्डिड’.

कोणत्याही चांगल्या कोशात जोर पडणाऱ्या अक्षराच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. केंब्रिजच्या ऑनलाइन कोशात शब्दाशेजारी कर्ण्याचं चिन्ह दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही उच्चार ऐकू येतात. एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. शब्द खऱ्या बोलण्यात कसा येतो हे ऐकायचं असेल तर यूग्लिश नावाच्या संकेतस्थळावर तो टाइप करा, माणसं तो शब्द उच्चारतानाचे व्हिडिओचे तुकडे एकामागून एक लागतात.

रोजची दहा मिनिटं

रात्री जेवण झाल्यावर फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि दिवसभरात काय केलं ते पाच-सहा वाक्यांत इंग्रजीत सांगा. लिहून, वाचून नाही, आठवून. माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग असं होतं, ती रोज बसनं कचेरीत जाते: "आय वेटिड फॉर द बस. इट अराइव्ह्ड् लेट. आय रीच्ट् द ऑफिस ॲट टेन. आय साइन्ड् द रजिस्टर ॲन्ड स्टार्टिड वर्क." पाच क्रियापदं, आणि तिन्ही गट त्यात आले. तिला ही वाक्यं मी दिलेली नव्हती, तिच्या दिवसातूनच निघाली. तुमच्या दिवसातूनही निघतील, स्वयंपाक केलात तर ‘कुक्ट्’, फोन केलात तर ‘कॉल्ड्’, पैसे भरलेत तर ‘डिपॉझिटिड’.

मग ते रेकॉर्डिंग परत लावा आणि बाकी काहीही न ऐकता फक्त क्रियापदं ऐका. प्रत्येकाला टाळी. एखाद्या ठिकाणी टाळी जास्त पडली तर फक्त तेवढं वाक्य पुढच्या शब्दाला जोडून पाच वेळा म्हणा. पूर्ण रेकॉर्डिंग परत करू नका, कंटाळा येतो आणि कंटाळलेली जीभ जुन्या वाटेनं जाते. आठवड्यातून एकदा फोनच्या व्हॉइस टायपिंगला इंग्रजी लावून तीच वाक्यं बोला. पडद्यावर ‘वर्क’ उमटलं की ई-डी गळाला. भलताच शब्द उमटला तर तिथे जास्तीचा स्वर शिरला का ते आधी तपासा.

हे तीन-चार आठवडे नेमानं चाललं की त्याच दहा मिनिटांत अनेकवचनाचा आणि तृतीय पुरुषाचा एस घ्या. गळ्यावरचा हात तोच, नियमही तोच. कठोर ध्वनीनंतर स्: कॅट्स्, वर्क्स्. मृदू ध्वनीनंतर ‘बाजार’मधला ज: डॉग्झ्, लर्न्झ्. आणि शेवटी स, झ, श, च किंवा ज असेल तर मधे इ, म्हणजे एक टाळी जास्त: बसिझ, वॉचिझ, वॉशिझ.